ना मेम, ना देशी : पडद्यावरचे मिश्र रक्त

हिंदी सिनेमात काही माणसे कपड्यांवरून ओळखू येतात. गुडघ्यावर फ्रॉक, गळ्यात क्रूस, हातात पेला आणि तोंडी मोडके हिंदुस्तानी असले की नाव विचारावे लागत नाही. ती लिली, रोझी किंवा मोना असणार. नायक तिच्याबरोबर नाचेल, पण लग्न दुसरीशी करील. खलनायकाच्या अड्ड्यावर ती असेल आणि शेवटच्या रिळात नायकासाठी गोळी झेलून मरेल. ही बाई नेमकी कोण, हा प्रश्न प्रेक्षकाला कधी पडत नाही. गोव्याची कॅथलिक, बांद्र्याची ईस्ट इंडियन, बगदादी यहुदी आणि अँग्लो-इंडियन यांतला फरक या सिनेमाने कधी पाहिला नाही. सगळ्यांना एकच फ्रॉक शिवला.

या चौघींपैकी अँग्लो-इंडियन ही अशी जमात आहे, की मिश्र रक्त हीच तिची व्याख्या आहे. आणि ही व्याख्या थेट राज्यघटनेत लिहिलेली आहे. अनुच्छेद 366 प्रमाणे ज्याचा बाप, आजा किंवा बापाच्या बाजूचा कोणी पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा होता आणि जो भारतात राहणाऱ्या आईबापांच्या पोटी भारतात जन्मला, तो अँग्लो-इंडियन. आई कोणत्या वंशाची, याबद्दल व्याख्या काही बोलत नाही. या जमातीच्या पहिल्या आया तर बहुतेक इथल्याच होत्या, हिंदू आणि मुसलमान. कायद्यात त्यांना जागा नाही. सिनेमातही नाही, एक अपवाद सोडून. त्याकडे पुढे येते.

मिश्र रक्ताला आपल्या भाषांत चांगला शब्दही नाही. मराठीत 'संकरित' म्हटले की ज्वारीचे बियाणे आठवते, जास्त दूध देणारी गाय आठवते. तोच 'संकर' माणसाला लावला की शिवी होते. उर्दूत 'दोगला' म्हणजे दोन वंशांतून जन्मलेला, आणि 'दोगला' म्हणजे ढोंगीही. मी उर्दू शिकवते, पण हा शब्द वर्गात आला की अर्थ सांगताना अडखळते. आणि याच्या उलट बाजूही आपल्याकडेच आहे. आमच्या कोकणी मुसलमानांत मूळ पुरुष अरब व्यापारी होता, हे सांगण्याची मोठी हौस. किनाऱ्यावर उतरलेल्या त्या अरबाने लग्न केले ती बाई इथलीच असणार, म्हणजे रक्त मिसळलेच. पण तिथे ती शान असते. मिसळण्यात वाईट काही नसते, कोणाची सत्ता चालू आहे आणि ती कोणाला आपले म्हणते, यावर सगळे ठरते.

ईस्ट इंडिया कंपनीने आधी या मुलांना आपले म्हटले, मग झिडकारले. 1786 मध्ये असा हुकूम निघाला, की कलकत्त्याच्या अनाथाश्रमातली, सैनिकांना देशी बायकांपासून झालेली मुले शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवायची नाहीत. 1791 मध्ये आईबापांपैकी एक जरी देशी असेल, तरी कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकरीचे दार बंद झाले. 1795 मध्ये सैन्यात अशांना फक्त बाजेवाले, ढोलवाले आणि नालबंद म्हणून ठेवले गेले. आमच्या शाळेच्या पुस्तकात कॉर्नवॉलिस कायमधारा पद्धतीसाठी येतो. त्याच्याच कारकिर्दीतल्या 1791 च्या हुकमाबद्दल त्यात एक ओळ नाही.

या हुकमामुळेच जेम्स स्किनर मराठ्यांच्या फौजेत आला. बाप स्कॉटिश, आई राजपूत. कंपनीत दार बंद, म्हणून तो शिंद्यांच्या कवायती पलटणीत दाखल झाला. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले, तेव्हा शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेरॉन याने इंग्रज रक्ताचे म्हणून अशा अधिकाऱ्यांना काढून टाकले. कंपनीच्या लेखी तो देशी, पेरॉनच्या लेखी इंग्रज. पुढे त्याने कंपनीसाठी घोडदळ उभारले, दिल्लीला चर्च बांधले आणि फारसीत ग्रंथ लिहिले. दिल्लीकर त्याला 'सिकंदर साहेब' म्हणत. या माणसावर मोठा चित्रपट निघायला हवा होता.

त्या काळात उर्दूने या माणसांना जागा दिली होती, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. अलेक्झांडर हेदरली 'आझाद' हा गालिबच्या घरातल्या आरिफचा शागीर्द. 1861 मध्ये तरुणपणीच वारला आणि मागे उर्दू दीवान ठेवून गेला. अशा युरोपीय आणि मिश्र वंशाच्या उर्दू-फारसी कवींवर राम बाबू सक्सेना यांनी 1941 मध्ये एक जाडजूड ग्रंथच लिहिला. मुशायऱ्यात हेदरलीचा उच्चार बरोबर होता की नाही एवढेच पाहिले जाई. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण सत्तर वर्षांनी हीच उर्दू त्याच्या जमातीतल्या मुलींच्या वाटेत भिंत होऊन उभी राहिली.

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके तारामती झाले. प्रतिष्ठित घरातली बाई कॅमेऱ्यापुढे उभी राहणे त्या वेळी अशक्यच होते. जात वाळीत टाकी, बिरादरी तोंड काळे करी. मग पुढे आल्या त्या दोन प्रकारच्या बायका. एक, गाण्याबजावण्याच्या घराण्यातल्या. दुसऱ्या, ज्यांच्या घरातल्या मुली आधीच टायपिस्ट, नर्स आणि टेलिफोन ऑपरेटर होऊन बाहेर पडलेल्या होत्या, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि यहुदी. पडदा नाही, जातपंचायत नाही आणि वर्ण उजळ. कलकत्त्याच्या मदन थिएटर्सने 1920 मध्ये 'नल दमयंती' काढला. त्यातली दमयंती होती पेशन्स कूपर, एक अँग्लो-इंडियन मुलगी. 1922 च्या 'पतिभक्ती'तही तीच. हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन यांच्या 'लाइट ऑफ एशिया'त (1925) गौतमाची पत्नी गोपा झाली रेनी स्मिथ. तिला नाव दिले सीतादेवी. 'शिराझ' (1928) आणि 'प्रपंच पाश' (1929) हे चित्रपटही तिचेच.

दमयंती आणि गोपा म्हणजे पुराणातल्या आणि इतिहासातल्या पतिव्रता. प्रेक्षकांनी ज्यांना मनोभावे हात जोडले, त्या पडद्यावरच्या सतींचे चेहरे अशा मुलींचे होते, ज्यांना प्रत्यक्षात त्याच प्रेक्षकाने घरात पाऊल ठेवू दिले नसते. पडद्यावर त्यांनी फ्रॉक घातला नाही. त्यांना साडी नेसवली, कुंकू लावले आणि नाव बदलले. मिश्र रक्त दाखवायचे नव्हते, त्याचा उजळ रंग तेवढा वापरायचा होता.

सुलोचनाची गोष्ट थोडी वेगळी. ती पुण्याची रूबी मायर्स, जन्म 1907, बगदादी यहुदी. लोक तिलाही सर्रास 'युरेशियन' म्हणत, कारण आपल्याला बारकावे कळत नाहीत. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती सिनेमात आली. 1926 चे 'टायपिस्ट गर्ल' आणि 'टेलिफोन गर्ल' हे चित्रपट तिचे. नोकरी करणाऱ्या मुलीचा हा चेहरा मुंबईला एकदम आवडला. 1927 च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तिने आठ भूमिका केल्या. 1928 मध्ये ती 'अनारकली' झाली. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे, असे लोक सांगत. आकडा खरा असो वा नसो, लोकांना तो खरा वाटत होता हे महत्त्वाचे.

14 मार्च 1931 ला मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलू लागला. तो काढणारी इंपीरियल कंपनी सुलोचनाचीच. पण नायिकेची भूमिका झुबेदाला मिळाली. कारण उघड होते. झुबेदाची जबान साफ होती, सुलोचनाची नव्हती. मूकपटात ओठ हलले तरी पुरत. आता 'क़' आणि 'ख़' घशातून यावे लागत होते. आमच्या शाळेत अजून 'शीन-क़ाफ़' नीट नसलेल्या मुलाला हसतात. तेच हसू थिएटरात उमटू नये, म्हणून निर्मात्यांनी या मुलींना बाजूला केले. सुलोचना जिद्दीची. काम थांबवून ती भाषा शिकली आणि 1932 मध्ये बोलका 'माधुरी' घेऊन परत आली. 1935 मध्ये तिने 'अनारकली' पुन्हा केला, या वेळी आवाजासह. पेशन्स कूपर मदनच्या नाटक कंपनीतून आलेली, तीही काही काळ टिकली. सीतादेवीचे नाव मात्र मागे पडले. 1953 मध्ये 'अनारकली' पुन्हा निघाला तेव्हा बीना रॉय अनारकली होती, आणि सलीमच्या आईच्या भूमिकेत सुलोचना. दादासाहेब फाळके पुरस्कार तिला 1973 चा मिळाला.

(काही वाचक इथे नादियाचे नाव घेतील. 'हंटरवाली'ची नादिया म्हणजे मेरी इव्हान्स, ऑस्ट्रेलियात जन्मलेली, आईकडून ग्रीक. तिचे हिंदुस्तानी मोडकेच होते, पण तिला बोलण्यापेक्षा चाबूक जास्त चालवायचा होता. आणि ती गोरी होती. गोऱ्या बाईची मोडकी भाषा गोड लागते.)

बोलपटांच्या काळात एक उलटापालट झाली. आधी या मुली सती व्हायच्या आणि त्यांचे मूळ लपवले जायचे. आता सती व्हायला घरंदाज मुली मिळू लागल्या, आणि मिश्र रक्ताच्या मुलीला तिचे मूळच भूमिका म्हणून दिले गेले. ती क्लबात नाचणारी झाली. कुक्कू मोरे ही अँग्लो-इंडियन नर्तकी चाळीसच्या दशकात प्रत्येक निर्मात्याला हवी असे. तिनेच एका मुलीला 'शबिस्तान' आणि 'आवारा'त (1951) मागे नाचणाऱ्यांत उभे केले. ती हेलन. रंगूनला जन्मलेली, आई बर्मी, वडिलांकडून युरोपीय रक्त. युद्धात जपान्यांच्या भीतीने हे कुटुंब बर्मातून आसामात पायी आले. वाटेत जे भोगले त्यावर एक वेगळा चित्रपट होईल. 1958 च्या 'हावडा ब्रिज'मध्ये ती चिनी नर्तकी झाली आणि नंतरची वीस वर्षे कधी स्पॅनिश, कधी अरबी, कधी जिप्सी. तिच्या खऱ्या रक्ताची भूमिका तिच्या वाट्याला फारशी आलीच नाही. तिच्या चेहऱ्यावर कोणताही देश चिकटवता येतो, एवढेच सिनेमाने पाहिले. वर्गात एकदा इतिहासाच्या तासाला बर्माचा विषय निघाला तेव्हा मी हेलनचे नाव घेतले. एका मुलाने विचारले, "मिस, वो अंग्रेज थी क्या हिंदुस्तानी?" दुसरा म्हणाला, "सलमान की अम्मी है ना!" त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

अँग्लो-इंडियन घराला हिंदी सिनेमाने मध्यभागी आणले ते 1975 च्या 'जुली'त. मल्याळम 'चट्टक्कारी'चा (1974) हा हिंदी अवतार, दिग्दर्शक दोन्हींचे सेतुमाधवन. बाप इंजिन ड्रायव्हर मॉरिस, आई मार्गारेट, आणि मुलगी जुली हिंदू तरुणाच्या प्रेमात पडून लग्नाआधी आई होते. रेल्वे कॉलनीचे हे घर खोटे नाही. आपल्याकडे इगतपुरी आणि भुसावळला अशी घरे होती. देवळालीचे बार्न्स स्कूल 1925 मध्ये अशाच मुलांसाठी उभे राहिले. पण चित्रपटाला त्या घराचा इतिहास नको होता, त्यातले उघडे पाय हवे होते. बाप दारू पितो, आई 'होम'ला जाण्याची स्वप्ने पाहते आणि मुलीचा पाय घसरतो. ब्राह्मण घराच्या स्वयंपाकघरात सगळे स्वच्छ आणि मंगल. चित्रपटाची सहानुभूती जुलीकडे आहे, हे मान्य. पण ती सहानुभूती माफ करणाऱ्याची आहे. तरी या चित्रपटात एक खरा माणूस आहे, ती म्हणजे आई. ही भूमिका नादिराने केली आणि फिल्मफेअर मिळवले. नादिरा म्हणजे फ्लोरेन्स इझिकेल, पुन्हा बगदादी यहुदी. जिने आयुष्यभर 'श्री 420'मधल्या मायासारख्या बायका केल्या, तिने या आईच्या तोंडची 'होम'ची बडबड हास्यास्पद होऊ दिली नाही. जे घर कधी पाहिले नाही त्याची आठवण काढणारी बाई कशी दिसते, हे तिच्याकडून पाहावे.

याच्या बारा वर्षे आधी सत्यजित राय यांनी 'महानगर'मध्ये (1963) एक अँग्लो-इंडियन मुलगी दाखवली होती. एडिथ सिमन्स, घरोघर जाऊन यंत्रे विकणारी. तिची मैत्रीण आरती ही मध्यमवर्गीय बंगाली सून, पहिल्यांदाच नोकरीला आलेली. एडिथ तिला लिपस्टिक देते. हिंदी चित्रपट असता तर त्या लिपस्टिकपासून आरतीचा ऱ्हास सुरू झाला असता. इथे तसे होत नाही. एडिथ आजारी पडून रजा घेते आणि साहेब तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिला काढून टाकतो. त्याचा सगळा राग तिच्या जमातीवर आहे. जुन्या राज्यकर्त्यांच्या या सावत्र पोरांचा सूड तो एका पगारदार मुलीवर उगवतो. आरती राजीनामा देते. तिच्या नवऱ्याची नोकरी गेलेली आहे, घरात तिच्याच पगारावर चूल पेटते, तरी देते. मला वाटते, आपल्या सिनेमात मिश्र रक्ताच्या बाईसाठी दुसऱ्या कोणी काही गमावल्याचे असे उदाहरण विरळाच. एरवी तीच दुसऱ्यांसाठी मरत असते.

अपर्णा सेन यांच्या '36 चौरंगी लेन'मधली (1981) मिस स्टोनहॅम शाळेत शेक्सपिअर शिकवते. नव्या मुख्याध्यापिका येतात आणि शेक्सपिअर तिच्याकडून काढून तिला खालच्या वर्गांना व्याकरण शिकवायला सांगतात. शिक्षकी पेशातल्या माणसाला त्या दृश्यात काय घडते ते सांगावे लागत नाही. वेळापत्रकाच्या एका कागदाने माणूस म्हातारा होतो. भाची ऑस्ट्रेलियाला गेलेली, भाऊ वृद्धाश्रमात. जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र तिच्या फ्लॅटचा एकांत वापरून घेतात, आणि गरज संपल्यावर तिला टाळतात. नाताळच्या रात्री ती केक घेऊन त्यांच्याकडे जाते आणि बाहेरूनच आतली मेजवानी पाहते. इथे मिश्र रक्ताची बाई कुणाला भुलवत नाही, तिलाच भुलवले जाते. पण जेनिफर केंडल ही इंग्लंडची. 'जुली'तली लक्ष्मी दक्षिणेकडची. मूकपटांनी या जमातीचा चेहरा घेऊन नाव टाकले होते. आता नाव घेतले आणि चेहरा दुसऱ्याचा लावला. इस्माईल मर्चंट या मुंबईकराने 1999 मध्ये 'कॉटन मेरी' केला, त्यात गोऱ्या मालकिणीची जागा घेऊ पाहणारी अँग्लो-इंडियन आया मधुर जाफरीने केली. या जमातीने त्याविरुद्ध मोठी ओरड केली. चित्रपटावर बंदी मागणे मला पटत नाही, पण राग समजतो. आपल्याला पडद्यावर फक्त नवाब, तवायफ आणि खानचाचा, आणि मग बंदूकधारी म्हणून पाहत आलेल्या वाचकांनाही तो समजेल.

आता तो अपवाद. श्याम बेनेगल यांचा 'जुनून' (1978) रस्किन बाँडच्या कथेवर आधारलेला. 1857, शाहजहाँपूर. चर्चमध्ये बापाची कत्तल होते. मरियम, तिची म्हातारी आई आणि मुलगी रूथ यांना आधी लाला रामजीमल आसरा देतात, मग जावेदखान पठाण रूथच्या वेडाने त्यांना आपल्या घरी आणतो. बाँडच्या कथेत मरियमच्या आईचे घराणे रामपूरचे, मुसलमान. म्हणून मरियम पठाणांच्या जनान्यात त्यांच्याच उर्दूत वाद घालू शकते. दिल्ली हिंदुस्तान्यांच्या हाती राहिली तर मुलगी देईन, नाही तर नाही, असा सौदा ती करते आणि तो टिकवते. आणि ती म्हातारी आई, घटनेच्या व्याख्येत जिला जागा नाही ती देशी आई, पडद्यावर कोणी केली? इस्मत चुगताई यांनी. चित्रपटाचे उर्दू संवादही त्यांचेच, सत्यदेव दुबे यांच्यासोबत. रूथ झालेली नफीसा अली स्वतः बंगाली मुसलमान बापाची आणि ख्रिस्ती आईची मुलगी.

या सगळ्यांत मोठी भूमिका मात्र कॅमेऱ्याबाहेर केली गेली. 1911 मध्ये मुंबईत एक मुलगी जन्मली, एस्टेल मर्ल थॉम्प्सन. मुंबईत आणि मग कलकत्त्यात वाढली. विलायतेत गेल्यावर ती मर्ल ओबेरॉन झाली आणि जन्मगाव झाले टास्मानिया, ऑस्ट्रेलियाच्याही खालचे बेट, जिथे कोणी चौकशीला जाणार नाही. 1933 मध्ये ती पडद्यावर इंग्लंडची राणी अ‍ॅन बोलिन झाली. 'द डार्क एंजल'साठी (1935) ऑस्करचे नामांकन मिळाले, 1939 मध्ये 'वदरिंग हाइट्स'ची कॅथी झाली. त्या काळी हॉलिवुडची आचारसंहिता काळ्या-गोऱ्यांचे संबंध पडद्यावर दाखवायलाच मना करत होती. खरे सांगितले असते तर तिला अड्ड्यावरची नाचणारी मिळाली असती. तिची आई लंडनच्या घरात मोलकरीण म्हणून वावरत असे, असे चरित्रकार लिहितात. आणखी एक गोष्ट त्यांनी शोधली. जिला ती आई म्हणे ती खरे तर आजी होती, आणि जिला बहीण समजे ती आई.

1956 मध्ये एमजीएमने 'भवानी जंक्शन' काढला. नायिका व्हिक्टोरिया जोन्स, अँग्लो-इंडियन. गोरा कर्नल, शीख तरुण आणि आपल्याच जमातीचा रेल्वेवाला पॅट्रिक, या तिघांत ती आपले घर शोधते. जॉन मास्टर्सच्या कादंबरीत ती शेवटी पॅट्रिककडे परतते. चित्रपटात पॅट्रिकला मारून टाकले आणि तिला कर्नलच्या हवाली केले. भारत सरकारशी जमले नाही म्हणून चित्रीकरण लाहोरला झाले. व्हिक्टोरिया झाली अमेरिकेची अ‍ॅव्हा गार्डनर. मर्ल ओबेरॉन त्या वेळी पंचेचाळीस वर्षांची होती.

1978 मध्ये ती होबार्टला गेली. आपल्या गावची लेक म्हणून तिथे तिचा नागरी सत्कार झाला. पुढच्या वर्षी ती वारली. 1983 मध्ये चरित्र आले आणि मुंबईचा जन्म उघड झाला. जानेवारी 2020 मध्ये 104 वी घटनादुरुस्ती अमलात येऊन लोकसभेतल्या अँग्लो-इंडियन प्रतिनिधींच्या दोन नेमणुका बंद झाल्या. 2023 मध्ये मिशेल योहला उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा बातम्या लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. या गटात नामांकन मिळालेली पहिली आशियाई म्हणावे, तर मुंबईची मर्ल आडवी येते. म्हणून त्यांनी वाक्य बदलून लिहिले: स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली.